घरच्या खोलीतला मिक्स ते लेबलचा करार: नाशिकच्या नव्या इलेक्ट्रॉनिक प्रोड्युसरसाठी

लॅपटॉपवर ट्रॅक पूर्ण झाला की आपल्याकडचा नवा प्रोड्युसर बहुतेक वेळा दोनपैकी एक गोष्ट करतो. मित्रांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतो आणि 'एक नंबर भावा' वाचून खूश होतो, नाहीतर त्याच रात्री दिसेल त्या लेबलला, म्हणजे ट्रॅक प्रकाशित करणाऱ्या कंपनीला, मेल ठोकतो. दोन्हीतून फारसं काही हाती लागत नाही. मी सिडकोतल्या घरी, दहा बाय बाराच्या खोलीत हाउस आणि टेक्नो करते. काही ट्रॅक बाहेरच्या छोट्या लेबलांवर निघाले, बरेच निघाले नाहीत. पुण्या-मुंबईत असे ट्रॅक करणारे चारजण भेटतात तरी; इथे विचारायला माणूस शोधावा लागतो. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

सुरुवातीलाच एक ठरवा: हा ट्रॅक कुठे वाजणार? क्लबमध्ये, कानातल्या इअरफोनवर, की मिरवणुकीच्या डॉल्बीवर? मिक्समधले, म्हणजे सगळे आवाज एकत्र बसवतानाचे, निम्मे निर्णय आणि लेबलची निवड, दोन्ही यावरून ठरतं. 'सगळीकडे' हे उत्तर नाही.

१. आधी टेप घेऊन खोली मोजा

नवीन मुलं प्लगइनवर (सॉफ्टवेअरला जोडायच्या साधनांवर) पैसे घालतात आणि खोलीकडे बघतसुद्धा नाहीत. खरं तर तुमचा बेस बिघडवते ती खोली. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये एक ठरावीक सूर घुमतो. ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर. त्याला भिंतींमधल्या अंतराच्या दुपटीने भागलं की तो सूर मिळतो. बारा फूट म्हणजे ३.६६ मीटर, म्हणून सुमारे ४७ हर्ट्झ. दहा फूट म्हणजे ३.०५ मीटर, म्हणून सुमारे ५६ हर्ट्झ. आपल्या फ्लॅटांत छतही साडेनऊ-दहा फुटांवर असतं, म्हणजे ५६च्या आसपास दुहेरी मार.

आता बघा. तुमची किक, म्हणजे ड्रमचा तळाचा ठोका, ए सुरात, म्हणजे ५५ हर्ट्झवर असेल तर खोलीत ती दणदणीत ऐकू येते. तुम्ही ती कमी करता आणि बाहेर मोठ्या सिस्टीमवर ट्रॅक पोकळ वाजतो. किक एफ सुरात, म्हणजे ४३.७ हर्ट्झवर असेल तर उलटं. पाच इंची स्पीकर तिथपर्यंत नीट पोचतच नाहीत, तुम्ही आवाज वाढवत राहता आणि क्लबमध्ये चिखल होतो. दोन्ही वेळा तुमचे कान शाबूत असतात, फसवते ती खोली.

काय करायचं: स्पीकर खोलीच्या लांबीच्या दिशेने तोंड करून ठेवा. खोलीच्या बरोब्बर मधे बसू नका, कारण तिथे तो ४७चा सूर जवळजवळ गायब होतो. समोरच्या भिंतीपासून लांबीच्या ३८ टक्क्यांवर बसून सुरुवात करा आणि तिथून अर्धा-एक फूट पुढेमागे सरकून बघा. भिंतीवर अंड्याचे ट्रे चिकटवू नका. ५० हर्ट्झच्या लाटेचा पाव भाग पावणेदोन मीटरच्या घरात जातो, तिथे पुठ्ठ्याचं काय चालणार? कोपऱ्यांमध्ये चार-सहा इंच जाड रॉकवूलच्या (दगडी लोकरीच्या) पाट्या उभ्या करा. बॉयलर आणि पाइपांच्या इन्सुलेशनसाठी कारखान्यांना हाच माल लागतो, त्यामुळे सातपूर-अंबड एमआयडीसीच्या बाजूला चौकशी करा. 'स्टुडिओचा माल' म्हणून मागवलात की भाव चढतो. कापताना मास्क आणि हातमोजे घाला, आणि पाट्या जाड कापडात शिवून घ्या. आईला आधी सांगून ठेवा.

२. साधनं: यादी छोटी ठेवा

सॉफ्टवेअर कुठलंही चालेल. एफएल स्टुडिओ एकदा विकत घेतलं की पुढच्या आवृत्त्या फुकट मिळतात. एबलटन लाइव्ह महाग, पण क्लब संगीतवाल्यांमध्ये फार वापरलं जातं. रीपर ६० दिवस वापरून बघता येतं आणि वैयक्तिक लायसन्स ६० डॉलर. क्रॅक केलेलं नको. नैतिकतेचं तुमचं तुम्ही बघा, पण लेबलने सहा महिन्यांनी जुना प्रोजेक्ट मागितला आणि तो उघडला नाही तर पंचाईत होते.

फुकटातली तीन प्लगइन्स पुरतात: फ्रीक्वेन्सी बघायला व्हॉक्सेंगो स्पॅन, लाउडनेस मोजायला यूलीन लाउडनेस मीटर, आणि डायनॅमिक इक्यू (ठरावीक फ्रीक्वेन्सी गरजेपुरती दाबणारं साधन) म्हणून टीडीआर नोव्हा. हेडफोन स्टुडिओचे घ्या. सोनी एमडीआर-७५०६ किंवा ऑडिओ-टेक्निका एम५०एक्स यांच्यावर वर्षानुवर्षं कामं होत आली आहेत. 'एक्स्ट्रा बेस' लिहिलेलं काहीही नको. घरात काही रेकॉर्ड करणार असाल तर अर्थिंग तपासून घ्या, विशेषतः जुन्या नाशकातल्या वाड्यांमध्ये. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे अर्थिंगची गुणगुण थेट किकच्या मांडीवर येऊन बसते.

३. किक आणि बेस

लेबलवाला पहिल्या अर्ध्या मिनिटात ऐकतो ते हेच, म्हणून मिक्सचा सर्वात जास्त वेळ इथे द्या.

प्रत्येक चॅनेल इतका खाली ठेवा की मास्टरचा, म्हणजे सगळे चॅनेल जिथे एकत्र येतात त्याचा, सर्वोच्च बिंदू उणे ६ डीबीच्या (डेसिबल, शून्य ही कमाल) आसपास राहील. मास्टरवर लिमिटर (आवाजाची शिखरं दाबणारं साधन) लावून मिक्स करू नका. लिमिटर चुका लपवतो आणि सगळं गोड वाटायला लागतं.

किक आणि बेस यांच्यात तळाचा मालक एकच ठेवा. किक ५० हर्ट्झवर बसली असेल तर बेसची ताकद ८०-१००च्या वर काढा, किंवा याच्या उलट. दोघांना तेच घर दिलंत तर दोघंही बेघर. मग साइडचेन, म्हणजे किक वाजली की बेस आपोआप दाबणं. १२६ बीपीएमला (मिनिटाला १२६ ठोके) एक ठोका ४७६ मिलिसेकंदांचा असतो. किक पडताच बेस खाली जावा आणि पुढच्या ठोक्याआधी पूर्ण परत यावा. रिलीज, म्हणजे बेस परत वर यायचा वेळ, १०० ते १५० मिलिसेकंदांवर ठेवून सुरुवात करा आणि पुढचं कानाने ठरवा. ठोक्यागणिक श्वास ऐकू यायला लागला तर तो तुम्हाला मुद्दाम हवाय की चुकून आलाय, एवढं विचारा.

साधारण १०० हर्ट्झच्या खालचं सगळं मोनो करा, म्हणजे डावीकडे-उजवीकडे एकच आवाज. बऱ्याच मोठ्या सिस्टीमचे सब मोनोमध्येच चालतात. बेसवर लावलेला रुंद कोरस इफेक्ट हेडफोनवर भारी वाटतो आणि तिथे अर्धा गायब होतो. मास्टरवर मोनोचं बटण ठेवा आणि अधूनमधून दाबत जा.

४. वरचं सगळं

इथे फार गुंतू नका. पॅड, सिंथ, आवाज यांचा नको असलेला तळ फिल्टरने कापा. सरसकट ३००पर्यंत कापू नका, ट्रॅक कोरडा पडतो. २०० ते ४०० हर्ट्झमध्ये गर्दी झाली की गढूळपणा येतो, २ ते ५ किलोहर्ट्झमध्ये झाली की कान दुखतो. रिव्हर्बचा (घुमण्याच्या इफेक्टचा) तळही कापा. कमी आवाजात मिक्स करा, शेजारी बोलत असेल तर त्याचं बोलणं ऐकू येईल इतक्या. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेचे ध्वनिप्रदूषणाचे नियम घरालाही लागू आहेत, आणि सोसायटीचे काका नियम वाचून आलेले असतात.

तुलनेसाठी रेफरन्स ट्रॅक हवाच: ज्या लेबलकडे जायचंय त्याच लेबलचा, विकत घेतलेली वेव्ह फाइल. तो मास्टर झालेला असतो, म्हणजे मिक्सवर शेवटचा हात फिरवून आवाज वाढवलेला, म्हणून त्याचा आवाज तुमच्या मिक्सइतका खाली ओढा आणि मग तुलना करा. मोठा आवाज कानाला नेहमी बरा वाटतो, त्यामुळे पातळी न जुळवता केलेली तुलना फुकट.

५. नाशिक ढोल वापरणार असाल तर

वापरावाच, असं माझं मत. पण दोन सापळे आहेत.

पहिला तांत्रिक. ढोलाची जाड बाजू किकच्या घरात घुसते आणि ताशा हायहॅट-क्लॅपच्या. दोन्ही पूर्ण ताकदीने ठेवून चालत नाही. मी ढोलाचा तळ कापते, टिपरूचा फटका ठेवते आणि तळाचं काम किकवर सोडते. ब्रेकमध्ये किक थांबली की ढोलाला पूर्ण मोकळा सोडते. रेकॉर्डिंग फोनवर नको, त्याचा मायक्रोफोन फटक्याला फाटतो आणि आवाजाची पातळी आपोआप खालीवर करत बसतो. छोटा रेकॉर्डर घ्या, सर्वोच्च फटका उणे १२ डीबीपर्यंत राहील असा ठेवा आणि ढोलाच्या दोन्ही बाजूंनी वेगवेगळं रेकॉर्ड करा. सराव चालू असताना पथकाच्या मधोमध उभं राहून काही उपयोगाचं मिळत नाही. दोन वादकांना वेगळं बोलवा, चहा-मिसळ आणि मानधन द्या.

दुसरा कायद्याचा. कॉपीराइट कायद्यात वादकालाही स्वतःचा हक्क आहे. एका कागदावर नाव, तारीख, कुठलं वादन, किती मानधन आणि 'व्यावसायिक वापरास संमती' एवढं लिहून सही घ्या. ओळखीचे असले तरी.

जुन्या मराठी गाण्याचा तुकडा उचलायचा मोह सगळ्यांना होतो. तिथे हक्क दोन असतात. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्ध झालेल्या वर्षानंतर ६० वर्षं टिकतो, म्हणजे १९६० साली निघालेल्या रेकॉर्डचा २०२०च्या अखेरीस संपला. पण गीत आणि चाल यांचा हक्क गीतकार-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. 'रेकॉर्ड जुनी आहे' एवढ्यावर भागत नाही, आणि परदेशातले नियम पुन्हा वेगळे. सॅम्पल पॅकमधले, म्हणजे तयार विकत मिळणाऱ्या आवाजांच्या संचातले, लूप कायदेशीर असतात, तरी तेच लूप शंभरजण वापरतात. यूट्यूबची कॉपी ओळखणारी यंत्रणा, कंटेंट आयडी, मग दुसऱ्याच कुणाच्या नावाने तुमच्यावर दावा टाकते. लूप जसाच्या तसा उघडा ठेवू नका, कापा, बदला. लायसन्सच्या पावत्या एका फोल्डरमध्ये जपा.

६. बाहेर नेऊन ऐका

कारमध्ये, फोनच्या स्पीकरवर, भावाच्या ब्लूटूथ डब्यावर. खरी परीक्षा मात्र साउंडवाल्यांच्या गोडाऊनमध्ये. गणपतीच्या आधीच्या आठवड्यांत ते टॉप, बेस आणि अ‍ॅम्प बाहेर काढून तपासत असतात. ओळख काढा, पेनड्राइव्ह घेऊन जा आणि दहा मिनिटं मागा. तुमचा टेक्नो त्यांना आवडेलच असं नाही, पण 'बेस फुगतोय' की 'किक लागत नाही' हे ते एका वाक्यात सांगतात, आणि बहुतेक वेळा बरोबर सांगतात. आधी रेफरन्स ट्रॅक वाजवा, मग तुमचा. आवाज वाढवण्याआधी कानात इअरप्लग घाला.

घरी येऊन लगेच दहा बदल करू नका. दोन ठिकाणी जी तक्रार आली तेवढीच दुरुस्त करा.

७. एक्सपोर्ट: दोन वेगळ्या फाइल

पहिली फाइल मास्टरिंगसाठी: २४ बिट वेव्ह, प्रोजेक्ट ज्या सॅम्पल रेटला आहे त्याच रेटला, मास्टरवर लिमिटर नाही. लेबलने घेतला तर बरीच लेबलं स्वतः मास्टर करून घेतात आणि हीच फाइल मागतात.

दुसरी डेमोसाठी, म्हणजे लेबलला ऐकवायला: मास्टरवर बेताचा लिमिटर लावलेली, शिखर उणे १ डीबी. लेबलमधला माणूस तुमचा ट्रॅक मास्टर झालेल्या ट्रॅकांच्या रांगेत ऐकतो. तिथे तो फारच हळू वाजला तर उगाच कमकुवत वाटतो. स्पॉटिफाय सगळं उणे १४ एलयूएफएसच्या (लाउडनेसचं एकक) पातळीला आणतं, हे वाचून लोक क्लबचे ट्रॅकही उणे १४ला मास्टर करतात. गरज नाही. क्लबच्या ट्रॅकचे मास्टर त्याहून बरेच मोठे असतात, कारण डीजेच्या मिक्सरवर स्पॉटिफायचा नियम चालत नाही.

क्लबसाठी असेल तर सुरुवातीला आणि शेवटी १६ किंवा ३२ बारांचे (एक बार म्हणजे चार ठोके) नुसते ठोके ठेवा, डीजेला जोडता आलं पाहिजे. स्ट्रीमिंगसाठी छोटी आवृत्ती वेगळी काढा.

८. लेबल निवडा

मोठ्या नावांपासून सुरुवात करू नका, पण त्यांचा अभ्यास करा. ड्रमकोड टेक्नोचं, अंजुनाबीट्स मुख्यतः ट्रान्सचं, टूलरूम हाउस-टेक हाउसचं, हॉस्पिटल रेकॉर्ड्स ड्रम अँड बेसचं. यांची अदलाबदल करून पाठवलेला डेमो उघडला जातो आणि तितक्याच वेगाने बंद होतो. भारतात टेक्नोकडे झुकलेलं दिल्लीचं किला रेकॉर्ड्स आहे. नाइल्स हॉलोवेल-धर, म्हणजे कश्मीर नावाने वाजवणारा डीजे, त्याचं धर्मा वर्ल्डवाइड आहे.

बीटपोर्टवर, म्हणजे डीजेंना ट्रॅक विकणाऱ्या साइटवर, तुमच्या शैलीच्या पानावर जा आणि प्रत्येक लेबलचे शेवटचे दहा रिलीज ऐका. तीन गोष्टी बघा: तुमच्या ट्रॅकचा वेग आणि मिजास तिथे शोभतो का, नवीन नावं घेतात की तेच चार कलाकार फिरतात, रिलीज नियमित येतात की वर्षभर शांतता आहे. मग डेमो कसा हवा ते लेबलच्या साइटवर वाचा. कुणाला मेल चालतो, कुणी लेबलरडार या डेमो पाठवायच्या साइटवरच घेतं, कुणाचं स्वतःचं पान असतं. पाच-सहा लेबलांची यादी पुरे.

एक स्पष्ट सांगते: ट्रॅक आधीच यूट्यूबवर, स्पॉटिफायवर किंवा सार्वजनिक साउंडक्लाउडवर टाकला असेल तर बहुतेक लेबलं घेत नाहीत. त्यांना न निघालेलं हवं असतं. धीर नसेल तर एखाद्या डिस्ट्रिब्युटरकडून (ट्रॅक ऑनलाइन दुकानांत आणि स्ट्रीमिंगवर पोचवणारी कंपनी) स्वतः काढा, त्यात काही कमीपणा नाही. फक्त बीटपोर्ट एकट्या कलाकाराकडून थेट माल घेत नाही, लेबल आणि डिस्ट्रिब्युटर लागतात.

९. मेल

चार-पाच ओळी, इंग्रजीत, साध्या. यात एवढंच:

- विषयात 'डेमो', तुमचं कलाकार-नाव, ट्रॅकचं नाव, शैली.
- पहिल्या ओळीत त्याच लेबलच्या अलीकडच्या एका रिलीजचा खरा उल्लेख आणि तुमचा ट्रॅक त्याच्या शेजारी का बसतो ते.
- साउंडक्लाउडची खासगी लिंक, एकच, डाउनलोड चालू ठेवून. फाइल जोडू नका.
- बीपीएम, सूर, ट्रॅक कुठे निघालेला नाही आणि सॅम्पलच्या हक्कांची अडचण नाही, ही खात्री.
- तुमच्याबद्दल दोन ओळी. 'नाशिक, इंडिया' लिहा. ढोल वापरला असेल तर तो कुणी वाजवला तेही.

पंधरा लेबलांना एका सीसीत टाकलेला मेल सगळ्यांना कळतो. 'लहानपणापासून संगीताची आवड' नको. दोन-तीनपेक्षा जास्त ट्रॅक नकोत. तीन-चार आठवड्यांनी एक आठवण करा, मग पुढच्या लेबलकडे वळा. उत्तर न येणं हेच बहुतेकांचं 'नाही' असतं. साउंडक्लाउडवर प्ले वाढलाय का ते बघता येतं. लिंक ऐकलीच गेली नसेल तर दोष ट्रॅकचा नाही, मेलचा आहे.

१०. होकार आला की करार वाचा

आनंद होतोच, पण सही त्याच दिवशी करायची नाही.

पहिलं, पैसे कोण देतंय? मला एका लेबलने 'मास्टरिंग आणि प्रमोशन पॅकेज'चे पैसे आगाऊ मागितले होते. असा मेल आला की दार बंद. खरं लेबल खर्च स्वतः करतं आणि उत्पन्नातून वसूल करतं. म्हणून दुसरं: कुठले खर्च वसूल होणार, त्यावर मर्यादा आहे का, ते कलम शोधा. छोट्या इलेक्ट्रॉनिक लेबलांमध्ये निव्वळ उत्पन्न निम्मं-निम्मं वाटण्याची पद्धत आहे. मर्यादा नसेल तर 'निव्वळ' शून्यावर येतं.

तिसरं, हक्क कायमचे देताय की ठरावीक वर्षांसाठी? मुदत मागा, आणि मुदत संपल्यावर मास्टर, म्हणजे ध्वनिमुद्रणाचा हक्क, परत मिळेल हे लिहून घ्या. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १९ इथे कामाचं आहे: हस्तांतरणात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. पण करार इंग्लंड किंवा नेदरलँड्सच्या कायद्याखाली असेल तर यावर विसंबू नका, सगळं करारातच हवं.

चौथं, पब्लिशिंग, म्हणजे रचनेचे हक्क. मास्टर म्हणजे ध्वनिमुद्रण, रचना वेगळी. बरीच लेबलं मास्टरसोबत रचनेचा वाटाही एका ओळीत मागून घेतात. विचारा: त्या बदल्यात तुम्ही काय करणार? उत्तर गुळमुळीत आलं तर ती ओळ काढायला सांगा. सभ्य भाषेत मागितलेली दुरुस्ती ऐकून कुणी करार फाडत नाही. हिशेब किती महिन्यांनी आणि किती रक्कम जमल्यावर पैसे, हेही बघा. आकडे मोठे असतील तर कॉपीराइटचं काम करणारा वकील गाठा. नुसत्या खरेदीखताच्या वकिलाला यातलं कळेलच असं नाही.

११. कागदपत्रं आणि पैसे

हे आधीच एका फोल्डरमध्ये ठेवा:

- पॅन, आधार, रद्द केलेला चेक, बँकेचा स्विफ्ट कोड. छोट्या शाखेत स्विफ्ट कोड नसतो, मुख्य शाखेचा विचारा.
- पेपॅल खातं. भारतात त्याला पॅन, बँक खातं आणि पर्पज कोड (पैसे कशाचे आले ते सांगणारा) जोडावा लागतो.
- अमेरिकन कंपनीकडून पैसे येणार असतील तर डब्ल्यू-८बीईएन, म्हणजे तुम्ही तिथले करदाते नाही हे सांगणारा फॉर्म. तो भरला नाही तर तिथे रॉयल्टीवर ३० टक्के कापतात. भरलात तर भारत-अमेरिका कर करारानुसार १५. सही केलेल्या वर्षानंतरच्या तिसऱ्या वर्षाअखेर तो संपतो, पुन्हा भरा.
- ट्रॅकमध्ये कुणाचा किती वाटा, याचा सह्या केलेला कागद. गायिका, ढोलवादक, सोबतचा प्रोड्युसर, सगळे.
- आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं, सदस्यत्व. शब्द नसलेल्या ट्रॅकचेही तुम्ही संगीतकार असता, आणि रचनेची रॉयल्टी तिथून येते. ट्रॅक निघाला की नोंदवा.
- कलाकार-नाव. आधी स्पॉटिफाय आणि बीटपोर्टवर शोधून बघा, नाहीतर तुमचा ट्रॅक दुसऱ्याच्या पानावर जाऊन बसतो.

आयएसआरसी हा प्रत्येक ध्वनिमुद्रणाची ओळख असलेला १२ अक्षर-अंकांचा कोड सहसा लेबल किंवा डिस्ट्रिब्युटर देतो, त्यासाठी कुणाला वेगळे पैसे देऊ नका. परदेशातून आलेलं उत्पन्न विवरणपत्रात दाखवा, कितीही छोटं असलं तरी. पहिल्या हिशेबात ते छोटंच असणार.

१२. करार ते रिलीज

मधे काही महिने जातात, लेबलांचं वेळापत्रक आधीच भरलेलं असतं. त्या काळात ट्रॅक कुठेही टाकू नका, तुकडासुद्धा विचारून. चौकोनी फोटो आणि शंभर शब्दांचा परिचय तयार ठेवा. स्पॉटिफायच्या प्लेलिस्ट ठरवणाऱ्या संपादकांकडे ट्रॅक रिलीजच्या किमान सात दिवस आधी गेला पाहिजे; ते लेबल करणार की तुम्ही, हे विचारून घ्या.

आणि प्रोजेक्ट मोडू नका. रिमिक्ससाठी प्रत्येक वाद्याची वेगळी फाइल मागितली जाते, बऱ्याचदा तुम्ही लॅपटॉप बदलून झाल्यावर. म्हणून सही झाल्या दिवशीच सगळे चॅनेल पहिल्या बारपासून, सारख्या लांबीचे, २४ बिट वेव्हमध्ये काढा: एकदा इफेक्टसह, एकदा कोरडे. एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर, एक ऑनलाइन, आणि हार्ड डिस्क लॅपटॉपच्याच बॅगेत ठेवू नका.